संशोधनाचा विषय यादीत नाही, शिवारात सापडतो

माझ्याकडून तुम्हाला करपा, खोडकिडा आणि युरियाच्या हप्त्यांची सवय आहे. आज विषय वेगळा आहे. शिक्षकांना जे शिकवतात, त्यांच्याबद्दल आज लिहितो आहे. "तुमचा काय संबंध?" असे कोणी विचारील. संबंध आहे. तुमच्या पोराला पहिलीत जे गुरुजी किंवा ज्या बाई भेटतात, त्या कुठल्या तरी अध्यापक विद्यालयात तयार होऊन आलेल्या असतात. त्यांना तयार करणारे प्राध्यापकही कुठेतरी शिकलेले असतात आणि एम.एड., पीएच.डी. करताना त्यांना एक संशोधन करावे लागते. ते संशोधन कशावर होते आणि त्याचा विषय कुठून येतो, याच्याशी तुमच्या गावच्या शाळेचा संबंध आहे. बियाण्याची पिशवी फाटकी निघाली तर आपण दुकानदाराशी भांडतो. पण ते बियाणे ज्या वाफ्यात तयार झाले, तिथे काय चालले होते हे आपण कधी विचारत नाही.

दिवाळीनंतर दोन दिवस जुईनगरला मामेबहिणीकडे गेलो होतो. मुरबाडहून एस.टी.ने कल्याण, तिथून लोकलने ठाणे आणि ठाण्याहून नेरूळ-पनवेलकडे जाणारी गाडी धरली की थेट जुईनगर. एका बाजूला सानपाडा, दुसऱ्या बाजूला नेरूळ. आज तिथे सगळे सेक्टर, इमारती आणि रुंद रस्ते आहेत. पण १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी ठरल्या, त्याआधी हा सगळा पट्टा भातखाचरांचा आणि मिठागरांचा होता. खाडीचे पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालायचा, उघाडी ठेवायची आणि जमिनीतले मीठ पावसाने धुऊन निघाले की भात लावायचा, अशी इथली शेती होती. शेतकी पदविका घेतलेला माणूस जुईनगरच्या फलाटावर उतरला तरी त्याच्या डोक्यात पहिल्यांदा खारभूमीच येते, त्याला इलाज नाही.

खारभूमीवरून एक गोष्ट सांगतो, ती पुढे लागणार आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र पनवेलला आहे. खारे पाणी सोसणारे पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे भाताचे वाण तिथलेच. हे केंद्र घाटावर का काढले नाही? कारण प्रश्न पनवेलच्या चिखलात होता. ज्या जमिनीत रोप जळते, त्याच जमिनीत उभे राहून ते का जळते हे बघावे लागते. शेतीत हे सगळ्यांना पटते. शाळेच्या बाबतीत मात्र आपण विसरतो.

आमची बहीण एका अध्यापक विद्यालयात शिकवते. म्हणजे बारावी झालेल्या मुलामुलींना प्राथमिक शिक्षक करते. पूर्वी याला डी.एड. म्हणत, आता डी.एल.एड. म्हणतात. ती एम.एड. झालेली आहे आणि आता तिला पीएच.डी.ला नाव नोंदवायचे आहे. पंधरा दिवसांत समितीपुढे संशोधनाचा आराखडा ठेवायचा होता आणि बाईंकडे विषयच नव्हता. टेबलावर काळ्या पुठ्ठ्याचे जाड प्रबंध रचून ठेवलेले. मला आधी वाटले, सोसायटीचे जमाखर्चाचे दप्तर आहे.

तिच्या वहीत वीस-बावीस विषय उतरवलेले होते. मी वाचून पाहिले. अमुक तालुक्यातील माध्यमिक शिक्षकांचे समायोजन. तमुक जिल्ह्यातील छात्राध्यापकांच्या व्यवसायाविषयीच्या अभिवृत्तीचा आणि संपादणुकीचा सहसंबंध. खाली तोच विषय, फक्त तालुका वेगळा. आणखी खाली परत तोच, या वेळी मुलगे आणि मुली वेगळ्या. मी म्हटले, "अगं, हे तर आमच्या बियाणे बाजारासारखं झालं. वाण एकच, पिशव्या पाच."

ती हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होते. म्हणाली, "दादा, एका वडीलधाऱ्या प्राध्यापकांनी सांगितलं, सोपा विषय घे. शंभर प्रश्नावल्या वाट, भरून आण, टक्केवारी काढ, मोकळी हो. नवीन माणसानं फार खोलात जाऊ नये."

असा सल्ला देणारी माणसे आमच्या खात्यातही आहेत, आणि एकेकाळी मी तो ऐकलेलासुद्धा आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी शेतकऱ्यांच्या मुलाखतींचे फॉर्म भरायचे होते. पाऊस पडत होता. चहाच्या टपरीवर बसून सहा फॉर्म मीच भरले. खताच्या मात्रा मला पाठ होत्या, त्या लिहिल्या. पुढे कळले की त्यांतल्या दोघांनी त्या वर्षी खत घेतलेच नव्हते, कारण पैसे नव्हते. कागदावर मात्र ते शिफारशीप्रमाणे शेती करत होते. तेव्हापासून भरलेला फॉर्म दिसला की मी आधी विचारतो, हा कुठे बसून भरला?

तर मी बहिणीला म्हटले, "ही वही जरा बाजूला ठेव. तुझ्या विद्यालयातून बाहेर पडलेली मुलगी पहिल्यांदा शाळेत रुजू होते, तेव्हा तिची पंचाईत नेमकी कुठे होते, ते सांग."

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "हे आम्हाला कुणी विचारत नाही. पण एक फोन आला होता." तिची एक जुनी विद्यार्थिनी शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर रुजू झाली होती. शाळा दोनशिक्षकी, वर्ग पहिली ते चौथी. तिने फोन करून विचारले होते, "मॅडम, चार इयत्तांचं पाठ टाचण एकदम कसं काढायचं?" बहिणीने तेव्हा ते हसण्यावारी नेले. सांगितले, एकेक करून काढ. फोन ठेवला आणि विसरून गेली.

मंडळी, माझ्या मते तिचा विषय तो फोन होता.

दादाजी खोब्रागडे हे नाव तुम्हाला ठाऊक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली पटेल-३ जातीच्या भातात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर रंगाच्या. तुम्हीआम्ही काय केले असते? भेसळ म्हणून उपटून टाकल्या असत्या किंवा बाकीच्या भातात झोडून टाकल्या असत्या. खात्याची शिफारसही भेसळ काढा अशीच असते. दादाजींनी त्या बाजूला काढल्या, जपून ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, शेजारच्या भाताशी ताडून पाहिल्या आणि पुन्हा लावल्या. त्यातून एच.एम.टी. हा तांदूळ आला. दादाजी २०१८ साली वारले. त्यांना श्रेय किती उशिरा आणि किती कमी मिळाले हा वेगळा विषय आहे, त्यावर लिहायला बसलो तर हे पान पुरणार नाही. पण संशोधनाची सुरुवात कशी होते हे त्यांच्याकडून शिकावे. शिकवलेल्यापेक्षा वेगळे काहीतरी दिसते. माणूस थांबतो. "हे असं का?" म्हणतो आणि ते फेकून देत नाही. प्रयोगशाळा, यंत्रे, पदव्या हे सगळे त्याच्या नंतरचे.

बहिणीच्या वहीत लोंबी नव्हती, झोडून झालेले धान्य होते. लोंबी त्या फोनमध्ये होती.

डिसेंबरात ती दोन दिवसांची रजा काढून माझ्याकडे आली. रीतसर परवानगी घेऊन आम्ही माझ्या भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण मुलांवर आणि शिक्षिकेवर बोट दाखवण्यासाठी हे नाही. चार वर्ग, दोन शिक्षक, त्यातले मोठे गुरुजी त्या दिवशी केंद्रावर बैठकीला गेलेले. म्हणजे चारही वर्ग एका तरुण बाईंकडे. हे काही जगावेगळे नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. आपल्या डोंगराळ भागातल्या वाड्या-पाड्यांवर साठ पट कुठून आणणार? तेव्हा दोनच शिक्षक, आणि त्यातला एक कधी बैठकीला, कधी निवडणुकीच्या कामाला, कधी आजारी.

बहीण मागच्या भिंतीला टेकून वही घेऊन बसली. मी बाहेर शाळा समितीच्या अध्यक्षांशी तुरीबद्दल बोलत होतो. दर पाच मिनिटांनी कोण काय करते, एवढेच तिने लिहायचे ठरवले होते. संध्याकाळी एस.टी.ची वाट बघताना ती म्हणाली, "दादा, मला वाटलं होतं बाई एका वर्गाला शिकवतील तेव्हा बाकीची मुलं गोंधळ घालतील. तसं झालंच नाही. ती वाट बघत होती. फळ्यावर दिलेलं काम दहा मिनिटांत संपतं आणि मग ती नुसती वाट बघतात."

आणखी एक गोष्ट तिने टिपली. खिडकीत एक खोके होते. त्यात बाईंनी स्वतः केलेली शब्दपत्ते, चिंचोके, गणिताच्या चिठ्ठ्या. काम संपलेले मूल उठून त्यातले काहीतरी घ्यायचे. चौथीतली एक मुलगी पहिलीच्या दोघांना बोट धरून वाचायला लावत होती. बहिणीने बाईंना विचारले, "हे तुम्हाला आमच्याकडे, म्हणजे अध्यापक विद्यालयात शिकवलं का?" बाई म्हणाल्या, "नाही हो. आधीच्या शाळेत एक मोठ्या बाई होत्या, त्यांचं बघून शिकले. त्या आता निवृत्त झाल्या."

इथे आमच्या बहिणीचा चेहरा बदललेला मी पाहिला. तिच्या विद्यालयात सराव पाठ होतात ते एका इयत्तेचे, एका विषयाचे, एका तासिकेचे. फळा समोर, मुले समोर, मागे पाठ तपासणारे प्राध्यापक. सराव शाळा जवळच्या, बहुतेक शहरातल्या, वर्ग भरलेला आणि प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक. तिथून निघालेली मुलगी पाड्यावर जाते आणि पहिल्या सोमवारी चार इयत्तांसमोर उभी राहते. भर पावसाच्या कोकणातल्या माणसाला ठिबक सिंचनाचे प्रशिक्षण देऊन लावणीला उतरवावे, तसला हा प्रकार.

आता विषय सापडला म्हणून लगेच संशोधन झाले असे नाही. सापडलेल्या विषयाची माती कशी होते तेही सांगतो, कारण त्या रात्री ती होता होता राहिली.

घरी आल्यावर बहिणीने उत्साहाने लिहिले : ठाणे जिल्ह्यातील बहुवर्ग शाळांच्या समस्या व उपाय. मी म्हटले, "हे म्हणजे महाराष्ट्रातल्या शेतीच्या समस्या व उपाय झालं. एवढं तर कृषिमंत्र्यांनाही जमलेलं नाही." नवशिक्याची पहिली खोड हीच. प्रश्न एवढा मोठा धरायचा की मोजपट्टी टाकायला जागाच सापडत नाही. प्रात्यक्षिकाचा वाफा आपण किती घेतो? एका हंगामात, आपल्या डोळ्यांखाली, आपल्या हाताने जेवढे मोजता येईल तेवढा. आणि एका वाफ्यात एकच गोष्ट बदलतो. वाणही नवा, खतही नवे, लावणीचे अंतरही नवे, असे एकदम केले तर उत्पन्न कशाने वाढले ते देवालाही सांगता येणार नाही.

दोन तास आमचे हेच चालले. मोठे वाक्य लिहायचे, खोडायचे, लहान करायचे. शेवटी राहिले ते इतकेच : दोनशिक्षकी शाळेत नव्याने रुजू झालेला शिक्षक एकापेक्षा जास्त इयत्ता सांभाळायला कोणाकडून शिकतो आणि विद्यालयात शिकलेल्यातले त्याच्या कामी काय येते? रोजच्या भाषेत विचारलेला, शाळेत जाऊन बघता येईल असा प्रश्न. याचे उत्तर तिला माहीत नाही, मला नाही, आणि माझी खात्री आहे, समितीलाही माहीत नाही.

दुसरी खोड शाळा निवडण्याची. बहीण म्हणाली, "हायवेजवळच्या शाळा घेते, जायला बऱ्या." ग्रामसेवक आणि तलाठी मंडळी इथे गालात हसतील. पीक कापणी प्रयोगाला सर्व्हे नंबर आपण आपल्या मर्जीने घेतो का? बांधावरून चांगला दिसला म्हणून, रस्त्याकडेला आहे म्हणून, किंवा पाटलाचा आहे म्हणून? ठरलेल्या पद्धतीने, चिठ्ठी काढल्यासारखा जो नंबर येईल तो घ्यायचा, मग तो टेकडीपलीकडे का असेना. रस्त्याकडेचीच शेते कापली तर उत्पन्न फुगते, पैसेवारी वर जाते आणि टेकडीपलीकडचा माणूस मदतीला मुकतो. शाळेचेही तेच. रस्त्याकडेच्या शाळेला भेटी जास्त होतात, तिथला शिक्षक सहसा टिकतो. तिथेच मोजून जिल्ह्याचा निष्कर्ष काढला तर आत पाड्यावरच्या शाळेवर तो अन्याय आहे. बहिणीने दोनशिक्षकी शाळांची यादी घेऊन त्यातून चिठ्ठ्या काढायचे कबूल केले. मग पहिला प्रश्न हा की तिथे एस.टी. किती वाजता जाते.

तिसरी खोड जरा नाजूक आहे. तिला राग आला होता, स्वतःच्याच विद्यालयाचा. "आम्ही काहीच शिकवत नाही हे मी सिद्ध करून दाखवते," असे ती म्हणाली. मी म्हटले, तसे नको. आम्ही नवा वाण दाखवायचा म्हणून सगळ्यात चांगल्या शेतकऱ्याच्या पाण्याखालच्या जमिनीत प्रात्यक्षिक घेतो आणि मग शेतदिनाला सांगतो, पाहा वाणाची कमाल! उत्तर आधी ठरवून जमीन निवडली की ती चोरीच असते, मग ती वाणाच्या बाजूने असो की विरुद्ध. कदाचित विद्यालयातले काही उपयोगी पडतही असेल आणि बाईंना ते आता आठवत नसेल. तेही लिहावे लागेल.

हे मी काही नवे सांगत नाही. शिक्षकाने स्वतःच्या वर्गातला प्रश्न घेऊन, उपाय करून, परिणाम तपासावा, याला कृतिसंशोधन म्हणतात. अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी १९५३ साली यावर पुस्तक लिहिले. आपल्याकडेही ते अभ्यासक्रमात आहे, आणि त्याचे तयार अहवाल बाजारात मिळतात हेही खरे आहे. जपानात शिक्षक एकत्र बसून एक पाठ आखतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे त्या शिक्षकाकडे नव्हे तर मुलांकडे बघत बसतात. हे वाचून मला आमची शेतीशाळा आठवली. इंडोनेशियात १९८९ साली भाताच्या किडींसाठी ती सुरू झाली. तिचे तत्त्व हेच की भाषण करू नका, शेतकऱ्याला दर आठवड्याला रोपापाशी बसवा आणि काय दिसते ते त्यालाच सांगू द्या.

पण लांब कशाला जायचे? आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघर जिल्ह्यात, याचे सगळ्यात मोठे उदाहरण होऊन गेले आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळ बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांच्या मदतीला आल्या. शहरात यशस्वी झालेली बालवाडी त्यांनी खेड्यात आणली. पण आदिवासी पाड्यांवरची मुले येईनात. आता इथे एखाद्याने "आदिवासी पालकांची शिक्षणाविषयीची अनास्था" असा प्रबंध लिहून मोकळे झाले असते. या दोघींनी अनास्था हा शब्द बाजूला ठेवला आणि मुले त्या वेळी असतात कुठे ते पाहिले. लहान मुले पाड्यावरच्या अंगणात असतात, म्हणून बालवाडी अंगणात नेली, तिची अंगणवाडी झाली. मोठी मुले गुरांमागे कुरणात असतात, म्हणून शाळा कुरणात नेली, तिची कुरणशाळा झाली. १९५७ नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले आणि तिथेच अशा शाळांसाठी शिक्षिकाही तयार झाल्या. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली. आज प्रत्येक गावात अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो एका प्रश्नाचे उत्तर म्हणून जन्माला आला हे विसरून.

आता तुमच्याशी सरळ बोलतो. हा प्रश्न फक्त माझ्या बहिणीचा नाही.

वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे डी.एड. कॉलेजांचे पीक आले होते. किती घरांनी जमीन गहाण टाकून, दागिने मोडून पोरांना डी.एड. केले, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१० च्या भरतीनंतर पुढे अनेक वर्षे मोठी भरती झाली नाही. २०१३ पासून पात्रता परीक्षा आली. कॉलेजे ओस पडली, पोरे दुकानात, कंपनीत, रिक्षावर गेली. महाराष्ट्रातल्याच डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला, त्याने २०१२ साली शिक्षक प्रशिक्षणाच्या अवस्थेवर कडक अहवाल दिला. पण या मुलांचे पुढे काय झाले, त्यांच्या प्रशिक्षणाचा त्यांना काही उपयोग झाला का, हे त्यांच्या दारात जाऊन विचारणारा संशोधक माझ्या तालुक्यात मला तरी भेटला नाही. गावागावांत उत्तरे बसली आहेत.

आणि २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शासनाने पुढे आणला. तेव्हा गावोगावी ठराव झाले, शाळा बंद करू नका. ठराव बरोबर होते. पण त्या ठरावांत पटाशिवाय एकही आकडा नव्हता. आपल्या लहान शाळेत मुले काय शिकतात, चार इयत्ता एकत्र बसल्याने काय बिघडते आणि काय साधते, याचे कोणी नीट मोजमाप केलेले नव्हते. समोरून पट मोजणारा येतो आणि आपल्याकडे फक्त भावना असतात. मला स्वतःला वाटते, प्रत्येक लहान शाळा टिकलीच पाहिजे असे नाही. पण बंद करणाऱ्यानेही बघून बंद करावी, नुसती मोजून नाही.

म्हणून तुमच्या गावात एखादी एम.एड.ची किंवा पीएच.डी.ची मुलगी वही घेऊन आली, तर तिला प्रश्नावलीवर भराभर सह्या करून वाटेला लावू नका. तिला बसवा. तिचा प्रश्न काय ते विचारा. तिला तो नीट सांगता आला नाही, तर आपल्याकडचे दोन सांगा. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात तेव्हा जुलैतला पट आणि जानेवारीतला पट यात किती फरक पडतो, हे सरपंचाला आणि अंगणवाडी ताईला पाठ असते, पण ते हजेरीत नेहमी दिसतेच असे नाही. ग्रामसेवकांना विनंती, जनगणना, स्थलांतर, दाखले यातले जे दाखवण्यासारखे आहे ते दाखवा. शाळा व्यवस्थापन समितीने एक वही ठेवावी, आमच्या शाळेत आम्हाला न सुटलेले प्रश्न, अशी. खर्च दहा-वीस रुपये. गुरुजी मंडळींना एकच सांगणे, आलेल्या माणसाला नेहमीचा वर्ग दाखवा, सजवलेला नको. तपासणी वेगळी आणि संशोधन वेगळे.

तिच्याकडूनही एक कबुली घ्या. काम झाले की तिने परत यावे आणि काय सापडले ते ग्रामसभेत मराठीत, आपल्याला कळेल असे सांगावे. मातीचा नमुना नेतो तेव्हा आरोग्यपत्रिका आणून देणे आमचे काम असते. ती कित्येकदा येत नाही, हेही मला ठाऊक आहे, तुम्ही सांगू नका.

आमच्या बहिणीचा आराखडा अजून मंजूर झालेला नाही. पहिल्या बैठकीत समितीतल्या एका सदस्यांनी विचारले, यात सहसंबंध गुणक कुठे आहे? तिने सांगितले, आधी काय घडते ते बघू द्या, मग कशाचा कशाशी संबंध लावायचा ते ठरवू. समितीने सुधारून आणायला सांगितले आहे. ती सुधारते आहे. मध्यंतरी तिने त्या शहापूरच्या विद्यार्थिनीला स्वतःहून फोन केला. त्या मुलीने आधी विचारले, "मॅडम, माझं काही चुकलं का?"

परवा जुईनगरहून फोन होता. तिला चिठ्ठीत निघालेल्या शाळांच्या गावांना जाणाऱ्या एस.टी.चे वेळापत्रक हवे आहे, आणि त्यातल्या दोन गावांना पावसाळ्यात ओढा ओलांडता येतो का ते विचारते आहे. त्यातले एक गाव माझ्या भागात येत नाही. तिथल्या कोणी हे वाचले, तर पंचायत समितीत मला निरोप द्या.